डिसेंबरची सूट की जानेवारीचं मॉडेल? नवी पिकअप घेताना हिशेब कसा मांडायचा

पाटे_पासिंग (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की शोरूममधून फोन सुरू होतात. 'साहेब, पन्नास हजार कमी करतो, ३१ च्या आत डिलिव्हरी घ्या.' माझं मत सरळ आहे. दीड टनी पिकअप धंद्यासाठी घेताय आणि तीन-साडेतीन वर्षांत बदलायची सवय आहे, तर ही सूट घेऊ नका. जानेवारीत, जानेवारीतच बनलेली गाडी घ्या.

सेकंडहँडवाला आरसीवर सगळ्यात आधी उत्पादनाचा महिना आणि साल बघतो. नोंदणीची तारीख नंतर. ऑगस्ट २०२५ मध्ये बनलेली गाडी ३० डिसेंबरला घेतली तर दोन दिवसांत ती 'गेल्या सालची' होते. एक्स-शोरूम ९ लाख धरा, दर साली १५ टक्के घट धरा. तीन वर्षांची गाडी ५ लाख ५३ हजारांची, चार वर्षांची ४ लाख ७० हजारांची. एका सालाचा फरक ८३ हजार. पन्नास हजार वाचवायला ८३ हजार घालवायचे?

आणि एक सापळा. काही सेल्समन म्हणतात, 'गाडी आत्ता बुक करा, पासिंग जानेवारीत करून देतो, म्हणजे २०२६ ची झाली.' होत नाही. पासिंग २०२६, मॉडेल २०२५. विकताना समोरचा 'मॉडेल पंचवीसचं' म्हणूनच भाव पाडतो. चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर बघा: बहुतेक कंपन्यांत एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर लेखी मागा. देत नसतील तर उठा.

---

आठवा_हप्ता

आकडेमोड बरोबर, पण अर्धी. पन्नास हजार आज हातात आहेत, ८३ हजार तीन वर्षांनी. मधल्या काळाचं व्याज कोण धरणार?

पिकअपचं कर्ज बहुतेक वेळा 'फ्लॅट सात टक्के' म्हणून विकलं जातं, म्हणजे हप्ते भरत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. ८ लाख, चार वर्षं, फ्लॅट ७ टक्के म्हणजे व्याज २ लाख २४ हजार, हप्ता २१,३३३. हाच हप्ता घटत्या शिलकीवर मोजला तर दर पावणेतेराच्या जवळ जातो. म्हणजे आज वाचलेला प्रत्येक रुपया वर्षाला जवळजवळ पावणेतेरा टक्क्यांचं कर्ज टाळतो. या दराने ५० हजारांचे तीन वर्षांनी साधारण साडेएकाहत्तर हजार होतात. तुमच्या ८३ हजारांशी फरक उरला अकरा-बारा हजारांचा.

चौथ्या वर्षी पारडं फिरतं. तेव्हा एका सालाचा फरक ७० हजार, आणि सुटीचे झाले ८० हजार. आठ वर्षं वापरणाऱ्याला तर सालाचा फरक ३७ हजारच पडतो आणि सूट १ लाख ३० हजारांवर गेलेली असते. गावाकडे किती जण तीन वर्षांत पिकअप बदलतात? हप्ते फिटल्यावर चार वर्षं गाडी फुकट राबवायची, हाच बहुतेकांचा बेत असतो. त्यांना डिसेंबरच बरा. वर जानेवारीत कंपन्या एक-दोन टक्के भाव वाढवतात, ते तुम्ही धरलेच नाहीत. ९ लाखांवर ९ ते १८ हजार.

---

पाटे_पासिंग

व्याजाचा मुद्दा मान्य. पण सूट खरोखर कर्जातून कमी होते का, ते बघा. पन्नास हजारांत १५ हजार एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिली तरच), १० हजारांची ॲक्सेसरी आणि विमा 'आमच्याकडूनच' घेण्याची अट असते. रोख सूट निघते २० ते २५ हजार. २५ हजारांवर तुमचं गणित पुन्हा मांडा, पारडं चौथ्या वर्षी फिरत नाही, निकाल पाचव्या-सहाव्यापर्यंत लटकतो.

विम्याचं तर ठरलेलंच. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता सरकारने ठरवलेला आहे, २०२२ च्या दरपत्रकात मूळ रक्कम १६,०४९. त्यात कुणी कमी-जास्त करू शकत नाही. खेळ असतो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. शोरूमचं कोटेशन आणि बाहेरचं कोटेशन एकाच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत) शेजारी ठेवा. आयडीव्ही खाली ओढून 'स्वस्त' विमा देणं ही जुनी युक्ती आहे.

---

वहीखाते

दोघांनीही कराची बाजू सोडली, म्हणून थोडं.

सूट बिलावर जीएसटीच्या आधी दाखवली तर त्या सुटीवरचा १८ टक्के कर पण वाचतो. मागून 'क्रेडिट नोट देतो', 'कॅशबॅक येईल' म्हणणाऱ्याकडून आधी लिहून घ्या.

इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करणं) मिळतं म्हणून खूश होणाऱ्यांनी आपण कोण ते आधी बघावं. किराणा किंवा हार्डवेअरचा नोंदणीकृत वितरक असाल तर मालवाहू गाडीवर क्रेडिट मिळतं. ९ लाखांत १,३७,२८८ रुपये जीएसटी, म्हणजे गाडी पडली ७ लाख ६३ हजारांना. पण तेवढ्या रकमेवर मग घसारा (गाडीच्या झिजेपोटी आयकरातली वजावट) मिळत नाही, आणि विकताना किमान पूर्ण विक्रीकिमतीवर जीएसटी लावावा लागतो, फक्त नफ्यावर नाही. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, त्यामुळे नुसता भाजीपाल्याचा व्यापार असेल तर क्रेडिट विसरा.

घसाऱ्यासाठी डिसेंबरात घाई करणारेही भेटतात. भाड्याने चालणाऱ्या गाडीला ३० टक्के, स्वतःच्या धंद्यात वापरली तर १५. आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. पूर्ण हवा असेल तर गाडी ३ ऑक्टोबरच्या आत रस्त्यावर हवी होती. डिसेंबर की जानेवारी, घसाऱ्याला काडीचा फरक नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४ एईखाली (मालवाहतूकदारांचं ठोक उत्पन्न) महिन्याला गाडीमागे साडेसात हजार उत्पन्न दाखवणाऱ्याने तर हा विषयच काढू नये. त्यात घसारा मिळाला असंच धरलेलं असतं.

---

कांदा_मार्केट

साल, सूट, व्याज, सगळं ठीक. पण बाजारात गाडी उभी राहते तेव्हा भाव पडतो तो हौद्याखाली, माल भरतो त्या भागाखाली. मी दोघांशीही सहमत नाही. एका सालाने ८३ हजार जातात हे कागदावर. तीच गाडी ओव्हरलोड मारलेली असेल तर दोन सालांचे पैसे जातात, मॉडेल कितीही नवं असो.

घेणारा जाणता असेल तर गाडीखाली झोपतो. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे चॅसिसला टांगतात तिथे, चॅसिसवर वेल्डिंगची रेघ दिसली की तिथेच बोलणी मोडतात. पाटा वाढवलेला आहे का, यू-बोल्ट नवे का, शॅकलचे बुश खाल्लेत का, टायर आतून घासलेत का. मग हौदा. कांदा आणि मासळी, दोन्हीच्या गाड्या फळ्यांच्या सांध्यातून सडतात. काही जण हौद्यात चेकर्ड पत्रा ठोकतात. वरून दिसायला झकास, पण खाली पाणी साचून मूळ पत्रा खलास. खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की कळतं. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागऱ्या आणि मागच्या ब्रेकच्या पाइपांवर गळतं, त्याचं नुकसान सालात मोजता येत नाही.

त्यामुळे सूट घ्या, पण ॲक्सेसरी नाकारून त्या पैशात पहिल्याच आठवड्यात खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या. सीट कव्हर आणि स्टिकरला विकताना दमडी मिळत नाही.

---

आठवा_हप्ता

हे मात्र सोळा आणे. यात भर: डिसेंबरात सवलतीत मिळणारी गाडी यार्डात चार-पाच महिने उन्हापावसात उभी असते, म्हणून डिलिव्हरीआधीची तपासणी कडक करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी सोडून नका देऊ. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर बदलून मागा. बॉनेट उघडून वायरिंगवर उंदराच्या दातांच्या खुणा शोधा. ब्रेक ड्रमवरचा वरवरचा गंज दहा-बारा किलोमीटरमध्ये जातो, पण हातब्रेक चिकटलेला असेल तर तो सोडवून देऊ द्या त्यांनाच. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून चालू होते, त्यामुळे तिथे नुकसान नाही.

---

नवा_टेम्पो

एक प्रश्न. एका कंपनीच्या गाडीवर २० हजार सूट, दुसरीवर ७५ हजार. टनेज सारखंच. मग दुसरी घ्यावी का?

---

पाटे_पासिंग

जिच्यावर सूट जास्त, तिची मागणी कमी. हे दोन्ही बाजूंनी लागू: आज तुम्हाला स्वस्त, उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही स्वस्त. महाराष्ट्रात बोलेरो पिकअपवर फार घासाघीस होत नाही, कारण तालुक्याच्या मेकॅनिकला तिचा नट-बोल्ट पाठ आहे आणि भंगारातूनही पार्ट निघतो. योद्धा, इंट्रा, दोस्त यांना त्या-त्या पट्ट्यात गिऱ्हाईक आहे. तुमच्या बाजारसमितीच्या गेटवर सकाळी सहाला उभे राहा आणि मोजा. जी जास्त दिसते तिचा विक्रीभाव टिकतो.

---

वहीखाते

यात एक धोका कुणाच्या हातात नसतो. २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला. करासकट ९ लाखांची गाडी ८ लाख ३० हजारांवर आली. ऑगस्टमध्ये ५० हजारांची सूट मिरवत घेतलेल्याची गाडी महिन्याभरात बाजारात ७० हजारांनी उतरली. जुनीचा भाव नवीच्या भावाला टांगलेला असतो.

उलट बाजूही आहे. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे. ९ लाखांना ६३ हजार. पूर्वी वजनावर बसायचा, तो यापेक्षा बराच कमी होता. हा कर भरलेली जुनी गाडी राज्यातल्या राज्यात विकताना घेणाऱ्याला तो पुन्हा नाही, तेव्हा भाव करताना पावती पुढे ठेवा. परराज्यातलं गिऱ्हाईक यासाठी जास्त पैसे देणार नाही.

---

कांदा_मार्केट

आणि फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला. नव्या गाडीला दोन वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. विकायची असेल तर फिटनेस नुकतं करून विका, संपायला महिना राहिलेली गाडी दाखवलीत की समोरचा पासिंगचा खर्च दुप्पट करून कापतो. बँकेचा बोजा उतरवून घ्या, एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन. 'हप्ते फिटलेत, पण एचपी (बँकेचा बोजा) अजून आरसीवर आहे' असल्या गाडीला रोखीचा भाव मिळत नाही. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे देऊ नका, किती का ओळखीचा दलाल असेना. नाव बदलेपर्यंत चलनं तुमच्या मोबाइलवर येतात.

---

आठवा_हप्ता

धागाकर्त्यांना शेवटचं. २५ हजार रोख सूट असेल तर तुमचं बरोबर, जानेवारी घ्या. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डीलरचं टार्गेट दोन गाड्यांनी अडलेलं असतं, तेव्हा रोख ५० पण निघतात. चॅसिस नंबर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल आणि चार वर्षांपुढे गाडी ठेवायची असेल, तर मी ती सोडणार नाही.

---

पाटे_पासिंग

ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि रोख पन्नास, बिलावर करपूर्व दाखवून? मिळाली तर घ्या. मला अजून तशी ऑफर कुणी लेखी दाखवलेली नाही. कोटेशन टाका इथे, चॅसिसचे शेवटचे आकडे झाकून.