मदत हवी आहे: वहिनीचं हिमोग्लोबिन ९.२, गोळ्या पोटात राहत नाहीत

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या वाळपईचे. वहिनीला पाचवा महिना चालू आहे, तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ आलं, म्हणजे गरोदरपणात ११ हवं त्यापेक्षा बरंच कमी, आणि लघवीत इन्फेक्शन पण निघालं, त्याचा औषधाचा कोर्स चालू आहे. आता प्रॉब्लेम असा की लोहाची गोळी घेतली की मळमळ, कधी उलटी, म्हणून ती गुपचूप गोळी चुकवते, आणि घेतली तरी लगेच वर चहा, चहाने लोह अंगाला लागत नाही हे सांगून सांगून थकलो. आई म्हणते नाचणीचं आंबील आणि तांबडी भाजी (लाल माठ) दे, ते देतोच पण एवढ्याने भरून येईल असं मला वाटत नाही. नर्सबाईंनी रात्री जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितलंय, त्याने कुणाला खरंच फरक पडला का? गोळी बदलून मिळते का, की शिरेतून लोह देतात? ते जवळच्या साखळी गावच्या सरकारी दवाखान्यात होतं की बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजलाच जावं लागतं? शिवाय डेंग्यूचा सीझन, ताप आला तर किती वेळ थांबायचं की लगेच रक्त तपासायचं? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, खूप काळजी वाटतेय.