मदत हवी आहे: समुद्रासमोरच्या घराला २४ फुटी काचेचे दरवाजे, हो की नाही?

गाजवेडा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. समुद्राला लागून प्लॉट आहे, घर बांधायचंय. दिवाणखाना, डेक आणि समोरचा समुद्र असं सगळं सलग हवं, आत-बाहेर कळताच कामा नये. त्यासाठी पश्चिमेला २४ फूट रुंद काचेचे घडीचे दरवाजे धरलेत. घर पर्यावरणपूरकच करायचंय, एसी नाही, सोलर आहे. आर्किटेक्टबाई म्हणतात काच काढा, कंत्राटदार म्हणतो बिनधास्त लावा. शुक्रवारी ऑर्डर द्यायची आहे. लावू की नको, आणि लावायचे तर चौकटीचा सेक्शन (पट्टीचा प्रकार) कुठला, एवढंच सांगा. 'आधी वर्षभर तिथे राहून बघा' छाप सल्ले नकोत.

ओहोटी
प्लॉट कुठे? भरतीरेषेपासून किती मीटर?

गाजवेडा
कोकणात. समुद्रासमोर म्हटलं की वर. दरवाज्यांचं बोला ना.

ओहोटी
कोकण डहाणूपासून रेडीपर्यंत आहे, साहेब. गाव सीआरझेड ३ मध्ये (किनारा नियमन क्षेत्राच्या ग्रामीण गटात) असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं घर होत नाही. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना (२०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१च्या वर) ५० मीटरची सवलत आहे, तीही किनारा आराखडा मंजूर असेल तर. घरच कुठे बसतंय ते ठरलं नसेल तर दरवाज्यांचं काय बोलायचं?

चिरेबंदी
मी सांगतो. काच, स्लॅब, सगळं विसरा. जांभ्याचा चिरा, चुन्यात बांधलेला, बाहेरून गिलावा नाही. वर मंगलोरी कौलं. आमचं आजोबांचं घर तसंच उभं आहे. सिमेंटचा गिलावा केलात की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते.

स्लॅबवाला
चिरेबंदी, प्रत्येक धाग्यावर तेच! चुन्याचं काम करणारा गवंडी आणून दाखवा आधी. समुद्राकाठी आरसीसी व्यवस्थित टिकतं, फक्त नियम पाळा. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किनाऱ्यावर किमान एम३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लाटांचे तुषार येत असतील तर एम३५ आणि ५० मिमी. लोक २० मिमी कव्हर देतात, समोरची वाळू उचलून कालवतात आणि मग खाऱ्या हवेला शिव्या घालतात.

चिरेबंदी
गवंडी आहेत, शोधावे लागतात. तुम्हाला शोधायचेच नसतात.

मालवणी_माणूस
बाबा गाजवेड्या, पयला माका सांग, पावसात घरात कोण रवतला? आमच्याकडे पडवीक चुडतांची (माडाच्या झावळांची) झापां लावतत. चार म्हयने काळोख, पण भिंत सुकी. तुझ्या चोवीस फुटी काचेक झापां खंय बांधतलंस?

गाजवेडा
पावसात कोणी नाही. आम्ही ठाण्याला. शनिवार-रविवार आणि मे महिना. आणि गुहागर तालुका, झालं समाधान? २०० मीटरच्या बाहेर आहे, मध्ये कोणाचीतरी वाडी आणि सुरूचं बन आहे.

झावळी
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! म्हणजे प्लॉट समुद्राला लागून नाहीच. आणि ते फार बरं आहे.

गुहागरातली जुनी घरं आठवा. रस्त्याला घर, मागे नारळी-पोफळीची लांबट वाडी, शेवटी समुद्र. समुद्र पाहायला कोणी ओटीवर बसत नसे, ओटी रस्त्याकडे. वाडी वारा खाते, मिठाचे कण अडवते, घरापर्यंत येते ती नुसती झुळूक. आमचं घर मंडणगड तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा नारळ-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. पण झाडांच्या आडचा भाग बराच वाचला, समुद्राकडे उघडा होता तो गेला.

काचेबद्दल: पावसाळी वारा नैऋत्येकडून, पाऊस आडवा येतो आणि घडीच्या दरवाज्याच्या जोडांतून आत घुसतो. खालच्या खाचेत वाळू बसते, चाकं अडतात. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलसुद्धा किनाऱ्यावर तांबूस पडतं, बिजागऱ्या त्याहून कमी गंजणाऱ्या ३१६च्या घ्याव्या लागतात. शिवाय पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर थेट त्या काचेवर. एसी नको म्हणता आणि दिवाणखान्याची भट्टी करता! चार महिने बंद घरात बुरशी काय करते, ते वेगळंच.

त्यापेक्षा पश्चिमेला दहा फूट खोल पडवी, छप्पर खाली उतरतं. तिच्या आत लाकडी झिलमिल्यांचे दरवाजे, बंद असतानाही हवा खेळते. मोठी उघडी बाजू मधल्या चौकाकडे ठेवा. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून, म्हणून पूर्वेलाही खिडक्या हव्यात. आत-बाहेर एक व्हायचं ते चौकात आणि पडवीत.

स्लॅबवाला
झावळी, पडवी बरोबर. पण कौलं बांधून घ्या, नुसती ठेवू नका. निसर्गात उडाली ती ठेवलेलीच होती.

चिरेबंदी
पत्रे नाही उडाले? पत्रा उडाला की शेजाऱ्याच्या दारात जातो.

शेतीवाला_दादा
जमीन एनए (बिगरशेती) आहे का? शेतजमीन असेल तर शेतकरी दाखला लागतो. माझ्या मेव्हण्याचं प्रकरण तीन...

ओहोटी
दादा, त्यांनी प्लॉट घेतलाय, ते विचारलेलंच नाही. गाजवेडा, पाण्याचं काय? बोअर मारू नका, उपशाने खारं पाणी ओढलं जातं आणि शेजारच्या विहिरीही बिघडतात. आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब ठेवा, वाळूत घाण पुरेशी गाळली जात नाही, पटकन खाली उतरते.

पर्यटनप्रेमी
होमस्टे करणार का? मासे, सोलकढी, उकडीचे मोदक ठेवलेत तर सुट्टीत जागा मिळणार नाही. गुहागरला सध्या खोलीचा दर काय चाललाय, कोणी सांगेल का?

झावळी
आणखी एक. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राकडे जायची चुकतात. डेकवर झगमगते दिवे लावू नका. हवेच असतील तर खाली तोंड केलेले, पिवळसर, नोव्हेंबर ते मे शक्यतो बंद.

गाजवेडा
दिव्यांचं लक्षात आलं. काचेची ऑर्डर थांबवलीय. आर्किटेक्टबाईंना चौकाबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या मी मार्चमध्येच काढून दिला होता. आता प्रश्न: पडवीला जाळी लावावी का? डास आहेत. शुक्रवारपर्यंत सांगा.

मालवणी_माणूस
पडवी किती फुटांची? आणि शुक्रवारी काय आसा तुझा?