शाळा चालवायला शिकताना: तुमचे अनुभव सांगा

पाटीपेन्सिल

परवा स्टाफरूममध्ये एका तरुण सहकारी बाईंनी विचारलं, "मॅडम, मला पुढे मुख्याध्यापक व्हायचंय. एम.एड. करू की मुक्त विद्यापीठाचं शालेय व्यवस्थापन?" मधली सुट्टी संपत आली होती, नीट उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून अभ्यासकेंद्रावरचे ते रविवार डोक्यात घोळतायत.

मी आधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची डीएसएम, म्हणजे शालेय व्यवस्थापनाची पदविका केली, पुढे एम.ए. शिक्षणशास्त्र. आठवडाभर शाळा आणि रविवारी संमंत्रण, म्हणजे केंद्रावरचे मार्गदर्शनाचे तास. एका रविवारी संमंत्रक सर कुठल्याशा शाळेचं जुनं लॉगबुक, म्हणजे मुख्याध्यापकांची तासांचे शेरे लिहायची वही, घेऊन आले, नावं झाकून. पानोपानी तोच शेरा: "पाठ चांगला झाला. फलकलेखन सुधारावे." सर म्हणाले, यावरून त्या तासाला वर्गात काय घडलं ते सांगा. कुणालाच सांगता येईना.

मग त्यांनी काम दिलं. आपल्या शाळेत कुणाच्याही तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि शिक्षकाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मुलं काय करतायत तेवढंच लिहायचं. मी सातवीच्या गणिताच्या तासाला बसले. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी फळ्यावरचं सगळं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेत होती, आणि प्रत्येक उदाहरणात उत्तराची जागा मोकळी सोडत होती. सरांनी उत्तर सांगितलं की ते भरायची. वही बघितली तर सगळं बरोबर! सर मनापासून शिकवत होते, तास रंगलाही होता. नंतर त्यांना दाखवलं तर तेही थक्क झाले. दुसऱ्या दिवसापासून उत्तर सांगायच्या आधी रांगांमधून वह्या बघत फिरायला लागले.

आता मी स्वतः मुख्याध्यापक आहे. पगारबिलं, संचमान्यता (शिक्षकपदांची मंजुरी), यू-डायस (शाळेची सरकारी माहिती भरणं) सगळं सुटत नाहीच, पण मागच्या बाकावरचे तास मी वेळापत्रकातच घालून ठेवलेत. त्या वेळात फोन क्लार्ककडे असतो.

तुमच्यापैकी कुणी शालेय प्रशासन, व्यवस्थापन, नेतृत्व असं काही शिकलं असेल, पदवी, पदविका काहीही, तर लिहा. काय कामाला आलं, काय नाही. त्या बाईंना हा धागाच वाचायला देणार आहे.

कृष्णाकाठ

मी निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा. पदवी नाही, अनुभवावर झाले. आमच्या आधीचे सर ३१ मे ला निवृत्त आणि १ जूनला मी खुर्चीत. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची १९८१ ची नियमावली काढून बघा. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, त्यातली दोन वर्षं बी.एड. नंतरची. मग त्याच नियमावलीतल्या अनुसूची 'फ' प्रमाणे सेवाज्येष्ठता. प्रशासन कुठे शिकलात, हे विचारणारा रकानाच नाही.

मला शिकवलं आमच्या हेडक्लार्क भाऊंनी. सेवापुस्तक कसं वाचायचं ते त्यांनी पान उलटून दाखवलं. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात दोन्ही आहे का, वेतननिश्चितीखाली सही आहे का, खाडाखोड असेल तर तिथेच साहेबांची सही आहे का. एका शिपाईमामांची पेन्शन जन्मतारखेतल्या एका गिरवलेल्या आकड्यावर अडली होती. भाऊंनी मामांच्या गावच्या शाळेतून दाखलखारिज रजिस्टरचा (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा आणवला तेव्हा कुठे फाईल हलली. मामा शाळेत पेढे घेऊन आले तेव्हा भाऊंच्या डोळ्यात पाणी होतं. हे कुठल्या पदविकेत शिकवतात सांगा बरं.

इंद्रायणी_तीर

लॉगबुक!! पाटीपेन्सिल ताई काय आठवण काढलीत. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

ह्यूस्टनचा_बंडू

मी टेक्सासमध्ये सरकारी शाळेत गणित शिकवतो. शैक्षणिक नेतृत्वात एम.एड. नुकतंच झालं. इथे क्रम उलटा आहे. आधी शिका, मग प्रिन्सिपल व्हा. पदव्युत्तर पदवी, वर्गात शिकवल्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त प्रशिक्षण कार्यक्रम, त्यात १६० तासांचं प्रत्यक्ष काम, मग २६८ नंबरची परीक्षा आणि पासल म्हणून एक मोठं लेखी काम. एवढं झालं की राज्याचं प्रमाणपत्र. त्यावर नोकरी मिळतेच असं नाही, अर्ज करून मुलाखती द्याव्याच लागतात.

१६० तासांत सगळ्यात जास्त शिकलो ते विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बैठकीत. टेबलाभोवती आई, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, शाळेचा प्रतिनिधी. त्या मुलाला वर्षभर काय मदत द्यायची हे तिथे ठरतं आणि ते शाळेवर कायद्याने बंधनकारक असतं. पहिल्या बैठकीत माझ्या मार्गदर्शक प्रिन्सिपल बाईंनी सगळ्यांच्या आधी आईला विचारलं, "घरी त्याला काय आवडतं?" आई दहा मिनिटं बोलली. मुलगा भावाची सायकल सुटी करून परत जोडतो म्हणाली. शाळेच्या कुठल्याही अहवालात हे नव्हतं. त्याच्या योजनेत हाताने करायची कामं तिथूनच आली.

आणि हो, सकाळी गाड्यांच्या रांगेजवळ उभं राहून दार उघडून मुलं उतरवून घेणं हेही प्रिन्सिपलचंच काम. पाऊस असला तरी.

कृष्णाकाठ

बंडू, आमच्याकडे फाटकात उभं राहायचं काम मी स्वतः करायचे. उशिरा येणारं पोर जेवून आलंय की नाही ते चेहऱ्यावर कळतं.

डोंगरवाट

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, वस्तीवरची. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला दीडशेच्या वर पट असेल तर मुख्याध्यापक. आमचा पट त्याच्या आसपासही नाही. म्हणजे दोघांतला ज्येष्ठ तो प्रभारी, आणि तो मी. पहिली ते चौथी शिकवायचं, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद ठेवायची, केंद्रप्रमुखांना माहिती पाठवायची, ती पण "आजच, दुपारी दोनपर्यंत".

मी सरकारच्या 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षणातले शाळा नेतृत्वाचे भाग केले, मग एम.ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं. स्वाध्यायात शाळा व्यवस्थापन समितीवर प्रश्न होता. कायदा म्हणतो ७५ टक्के पालक, आणि निम्म्या महिला. आमच्या समितीत बायकांची नावं बरोबर होती, बैठकीला मात्र नवरे येऊन सही करायचे. स्वाध्याय लिहिताना विचार केला, बैठक आपण अकराला ठेवतो, तेव्हा या बाया खुरपणीला असतात. मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दिवेलागणीनंतर बैठक घेतली. धारा काढून झाल्यावर बाया आल्या. पहिलाच प्रश्न, "गुरुजी, मुतारीला दार का नाही?" इतक्या वर्षांच्या इतिवृत्तात हा विषय एकदाही नव्हता. दार बसलं. मोठ्या मुलींच्या गैरहजेऱ्या कमी झाल्या, हजेरीपटावर दिसतंय.

कृष्णाकाठ बाई, तुमच्या भाऊंना नमस्कार. पण आमच्याकडे क्लार्कच नाही हो, म्हणून पुस्तकाकडे जावं लागलं.

इंद्रायणी_तीर

दाराचं वाचून अंगावर काटा आला. किती साधी गोष्ट.

सरकारी_पेन

मी शिक्षण विभागात आहे, तालुका पातळीवर. दिल्लीच्या नीपा या राष्ट्रीय संस्थेची शैक्षणिक नियोजन व प्रशासनातली पदव्युत्तर पदविका केली. ही संस्था १९६२ मध्ये युनेस्कोचं आशियाई प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली, १९७९ ला नीपा नाव मिळालं, २००६ पासून अभिमत विद्यापीठ. वर्गात सगळ्या राज्यांचे अधिकारी. नागालँडच्या एका साहेबांनी त्यांच्याकडे गावच शाळेवर कसं लक्ष ठेवतं ते सांगितलं, रात्री मेसमध्ये वाद रंगायचे.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते शाळांचं नकाशावरचं नियोजन. आपल्याकडे पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. कागदावर पट्टी ठेवली की सगळं बसतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पट्टी बाजूला ठेवा आणि जुलैत मूल कुठून चालेल ती वाट काढा. परत आल्यावर माझ्या तालुक्यातल्या दोन वस्त्यांवर तेच केलं. मध्ये ओढा. उन्हाळ्यात पाऊण किलोमीटर, पावसाळ्यात पुलावरून वळसा घालून तिप्पट. जवळच्या जवळ म्हणून एका वस्तीवरची शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिसळायचा प्रस्ताव होता. मी चालत जाऊन नकाशा काढला, फोटो जोडले, टिपण वर पाठवलं. शाळा राहिली.

यू-डायसचे रकाने भरताना शिक्षक वैतागतात ते मला कळतं. पण हे टिपण मी त्याच आकड्यांवर उभं केलं होतं. पट चुकीचा भरला असता तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

डोंगरवाट

सरकारी_पेन, साहेब तुमच्यासारखे आमच्या तालुक्याला पाठवा की!

आजरेकर

विषय निघालाच आहे तर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांचं नाव यायलाच हवं. आमच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. देशाच्या शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य सचिव. मोठ्या शाळेभोवती लहान शाळांचं संकुल, एकमेकींना साधनं आणि माणसं द्यायची, ही त्या अहवालातली शिफारस. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, पुढे ती पुण्याला कोथरूडात आली. त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक तर राज्याच्या शिक्षण संचालक होत्या. आपल्या मातीत एवढं काम होऊन गेलंय आणि नवीन मुख्याध्यापकांना ही नावंही माहीत नसतात, याचं फार वाईट वाटतं.

इंद्रायणी_तीर

आले परत. आमचं अभ्यासकेंद्र पुण्याजवळ होतं. रविवारी डबे एकत्र उघडायचे, चाळीस-पन्नाशीच्या बाया मुलींसारख्या परीक्षेला घाबरायच्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या पहाटे उठून सासूबाईंचं सगळं आवरून, मग पुस्तक उघडायच्या. निकालाच्या दिवशी सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं, "आमची सून हेडबाई होणार." झाल्याही. सासूबाई होत्या तोवर.

सरकारी_पेन

🙏

नवी_पालवी

मीच ती स्टाफरूममधली 🙂 मॅडमनी लिंक पाठवली. सगळं दोनदा वाचलं. एक विचारायचं राहिलं. एम.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आणि नियमित हजेरीचं झालंय. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. नोकरी सोडून कसं जमणार? संस्थेत विचारलं तर "बघू" म्हणाले.

डोंगरवाट

नोकरी सोडू नका. मुक्त विद्यापीठाचं करा. स्वाध्याय आपल्याच शाळेवर लिहिता येतो हा मोठा फायदा, मी वर लिहिलंय त्याप्रमाणे.

कृष्णाकाठ

बाळा, पदविका कर, नक्की कर. वर मी भाऊंचं लिहिलं ते खरंच आहे, पण डोंगरवाट गुरुजींचं वाचल्यावर वाटलं, मला कुणी तेव्हा बैठकीच्या वेळेचा विचार करायला लावलं असतं तर बरं झालं असतं. आणि सोबत तुमच्या क्लार्ककडे आठवड्यातून अर्धा तास बसत जा. सेवापुस्तक, कॅशबुक, आवक-जावक. आत्तापासून.

ह्यूस्टनचा_बंडू

मुलगी लहान आहे म्हणून थांबू नका. माझ्या वर्गात दोन जणींनी बाळ मांडीवर घेऊन ऑनलाईन तास केले. अभ्यास जमेल तसा होतो.

इंद्रायणी_तीर

दीड वर्षाची म्हणजे दुपारी झोपते ना अजून? ती वेळ पक्की धर. आणि माझ्याकडे डीएसएमची जुनी पुस्तकं आहेत, अभ्यासक्रम बदललाय का बघून घे आधी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, कुरियर करते.

नवी_पालवी

ताई व्यनि केलाय. कुरियरचे पैसे मी देणार हं.

पाटीपेन्सिल

पालवी, सोमवारी पाचवा तास तुला मोकळा आहे. नववी अ च्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर माझ्याबरोबर बस. वही घेऊन ये. बाईंना मी विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात.