शब्दचर्चा : ‘फोबिया’ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखासाठी ‘फोबिया’ला मराठी शब्द हवा आहे. ‘भयगंड’ लिहिलं तर संपादकांना जड वाटतं, ‘भीती’ लिहिलं तर डॉक्टर म्हणतात पुरेसं नाही. काय करावं?

— डॉक्टरांचं बरोबर आहे. साप समोर आला आणि मागे सरकलात, ही भीती. सापाचं चित्र आहे म्हणून मुलाचं पुस्तक उघडवत नाही, हा फोबिया. आमच्या मावशीला पालीचं होतं. स्वयंपाकघरात शिरण्याआधी ती उंबऱ्यावरूनच काठीने ट्यूबलाइटची पट्टी ठोकायची. पाल निघून गेली की मगच गॅस पेटायचा. पाल काही करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाड्याचं घर पाहायला गेली की पाणी किती वेळ येतं हे विचारायच्या आधी भिंतींचे कोपरे न्याहाळायची. निदान करतानाही या टाळण्याला फार महत्त्व असतं, आणि साधारण ६ महिने तरी ते टिकलेलं असावं लागतं. टाळलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते.

— बोलीत शब्दांची काय कमी! धास्ती पुढच्याची असते : निकालाची, साहेबाची. धसका मागच्याचा : अपघात झाला, गाडीचा धसका घेतला. बुजतात ते बैल आणि घोडे. मी ‘धसका’च सुचवेन.

— धसक्याला घटना लागते. १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी छोट्या अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला आणि त्याच्या मागे लोखंडी कांब हातोडीने बडवली. असं काही वेळा केल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही भिऊ लागलं. (आज कुणी परवानगी देणार नाही.) तो धसका खरा. पण फोबिया असलेल्या पुष्कळांना अशी कुठली कांब आठवतच नाही.

— ‘गंड’ म्हणजे मुळात गाठ, सूज. गलगंड, गंडमाळ आठवा. न्यूनगंड, अहंगंड यांच्या पंगतीत बसल्यामुळे ‘भयगंड’ हा स्वभावदोष वाटतो, तेवढीच त्याची अडचण. हिंदीवाले ‘दुर्भीति’ म्हणतात. मला तो कृत्रिम वाटतो.

— शब्दशः भाषांतराचा खरा घोळ ‘अगोराफोबिया’त होतो. ग्रीक ‘अगोरा’ म्हणजे बाजारचौक. वेस्टफाल या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७१ मध्ये हे नाव दिलं ते चौक ओलांडताना घाबरणाऱ्या रुग्णांवरून. त्यामुळे आपण सर्रास ‘मोकळ्या जागेची भीती’ लिहितो. प्रत्यक्षात ती माणसं खच्चून भरलेल्या एसटीतही घाबरतात, रांगेतही. ‘इथे काही झालं तर बाहेर कसं पडू, मदत कोण करेल’ ही ती भीती. ‘अडकण्याची भीती’ म्हणावं, तर ती क्लॉस्ट्रोफोबियाशी, म्हणजे बंद जागेच्या भीतीशी, गल्लत करते. मी तिथे मूळ शब्द ठेवून एका वाक्यात अर्थ सांगतो.

— रक्ताच्या आणि सुईच्या भीतीबद्दल लिहिणार असाल तर ‘घाबरट’ हा शब्द गाळा. एरवी फोबियात छाती धडधडते, पण भोवळ क्वचितच येते. इथे रक्तदाब आधी वाढून मग झपकन उतरतो आणि धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून ‘अंग सैल सोड’ हा सल्ला इथे उलटा पडतो. हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात.

— आणि प्रत्येक ‘फोबिया’ला ‘भीती’ चिकटवू नका. फोटोफोबिया म्हणजे उजेड सहन न होणं, अर्धशिशीवाल्यांना विचारा. झेनोफोबिया म्हणजे परकीयांचा द्वेष. हायड्रोफोबिया हे रेबीजचं लक्षण, त्याला सुश्रुतसंहितेत ‘जलत्रास’ असा नेटका शब्द आहे.

— सर्वांचे आभार. शीर्षकात ‘फोबिया’, आत पहिल्यांदा ‘भयगंड’, असं ठरवलं. ‘मला गणिताचा फोबिया आहे’ हे एका विद्यार्थ्याचं वाक्य होतं, तिथे मात्र ‘धास्ती’ केली. पोरगं परीक्षेला बसतंय ना दरवर्षी!