तुटता तारा पाहिलात? इंदूरकरांनो, लिहा

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. सूर्यास्ताला गुढी उतरवली, आणि पावणेआठच्या सुमारास लेक गच्चीवरून ओरडली, "आई, लवकर ये!" राजेंद्रनगरच्या आभाळातून दिव्यांची माळ सरकत होती. पुढे ठळक गोळा, मागे शेपट्या असलेले तुकडे. इतकी सावकाश, की खालच्या काकू अंगणात येईपर्यंत दिसत राहिली. आम्ही हात जोडले.

नंतर कळलं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. 2021 च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चिनी रॉकेटचा टप्पा जळत उतरत होता, असं जाणकारांनी सांगितलं. तरी ती संध्याकाळ मला प्रियच आहे. तेव्हापासून खऱ्या उल्केची ओढ लागलीय.

तुम्ही पाहिली असेल तर लिहा: कुठून, केव्हा, कोणता रंग, आणि किती सेकंद. सेकंद जरूर लिहा. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं येते, क्षणात विझते. कक्षेतून उतरणारा कचरा आठेक किलोमीटरनं येतो, म्हणून रेंगाळतो. आलेल्या काही आठवणी खाली देतेय.

सुदामानगरहून
13 डिसेंबर 2020 ची रात्र. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या, म्हणजे चांदणं नाही. महूपुढे जानापावच्या पायथ्याशी आम्ही चौघं सतरंजीवर पडलो होतो. जेमिनिड्स या डिसेंबरातल्या उल्कावर्षावाच्या उल्का मोजत होतो. पन्नासनंतर आकडा चुकला. पहाटे तीनला मिथुन रास पश्चिमेला कलली होती, आणि एकदम हिरवट-पांढरा उजेड झाला. मी वर बघितलंच नाही आधी! थर्मासची सावली सतरंजीवरून सरकताना दिसली, मग मान वळवली. उल्का दोन सेकंदांत संपली, पण मागची धुरकट रेघ आठपर्यंत मोजली. आवाजासाठी कान देऊन बसलो. काहीच आला नाही. ही सगळी फेथॉन या लघुग्रहाची धूळ. त्यातला एक खडा आमच्यावर एवढा उजेड पाडून गेला, हे अजून मनातून जात नाही.

रामबागहून
सेकंद मोजले नाहीत, लहान होते. उन्हाळ्यात वाड्याच्या गच्चीवर झोपायचो. तारा तुटला की आजी "राम राम" म्हणायची, बोट दाखवू द्यायची नाही. कुणाचा तरी जीव गेला, म्हणायची. आजी गेली त्या उन्हाळ्यात एक दिसला. मी हात चादरीत घेतला.

तिलकनगरहून
पाडव्याला मी आत श्रीखंड वाढत होते, हुकलं. ऑगस्टच्या पर्सिड्स उल्कावर्षावाला आपल्याकडे आभाळ भरलेलं. डिसेंबरात जानापावला कुणी निघणार असेल तर मी येते. सतरंजी आणि चहा माझ्याकडे.