मदत हवी आहे: दहावीच्या गणितातले धडे एकमेकांना जोडून कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी,

मुलगी दहावीत आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यासोबत गणिताला बसते. गणितं सुटतात, मार्कही चांगले पडतात. पण परवा क्ष² − ५क्ष + ६ = ० दिलं. तिने मधल्या पदाची भराभर फोड केली, (क्ष − २)(क्ष − ३) लिहिलं, मुळं २ आणि ३. मग विचारलं, याच राशीचा आलेख काढला तर तो क्ष-अक्षाला कुठे छेदेल? तर म्हणाली, "आलेखाचा धडा वेगळा आहे ना?"

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. अवयव एका धड्यात, समीकरणं दुसऱ्या, आलेख तिसऱ्या. समरूप त्रिकोण भूमितीत, साइन-कॉसाइन त्रिकोणमितीत. समोरची बाजू भागिले कर्ण हे तोंडपाठ आहे, पण त्रिकोण केवढाही काढला तरी ३० अंशाचा साइन १/२ च का, याचं उत्तर "कोष्टकात तसं आहे" एवढंच. सगळ्यात नावडती आहे पूर्ण वर्ग पद्धत. क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंत का मिळवायचा, हे तिला पटतच नाही, आणि मुळं काढायचं सूत्र असताना हा उपद्व्याप कशाला, असं तिचं म्हणणं.

परीक्षेच्या युक्त्या नकोत, त्या तिला येतात. हे धागे कसे जुळवून दाखवू आणि सुरुवात कुठून करू? शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १
पूर्ण वर्गापासूनच सुरू करा, आणि कागद-कात्री घेऊन बसा. क्ष² + १०क्ष = ३९ घ्या. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने हेच उदाहरण आकृती काढून सोडवलंय. क्ष बाजूचा चौरस कापा. १०क्ष म्हणजे ५ रुंदीच्या, क्ष लांबीच्या दोन पट्ट्या. त्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना लावा. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहते. ती भरली की मोठा चौरस पुरा होतो. निम्म्याचा वर्ग तो हाच. ३९ + २५ = ६४, म्हणजे बाजू ८, म्हणून क्ष = ३.

मग तिला दुसरं मूळ शोधायला लावा. क्ष + ५ = −८ धरलं तर −१३ मिळतं, पण ते कागदावर दिसत नाही, कारण कागदाची बाजू ऋण नसते. ऋण संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात मांडलेत, तेही तिला सांगा. आणि सूत्राचं म्हणाल, तर हीच कृती अ, ब, क अक्षरं ठेवून केली की सूत्र हातात येतं.

प्रतिसाद २
साइनसाठी कोनमापक पुरे. ३० अंशाचे दोन काटकोन त्रिकोण काढा, एकाचा कर्ण ६ सेमी, दुसऱ्याचा १०. समोरची बाजू ती स्वतः मोजेल: ३ आणि ५. दोन्ही त्रिकोण को-को कसोटीने (दोन-दोन कोन समान) समरूप, म्हणून गुणोत्तर तेच. १/२ च का, तर समभुज त्रिकोणाचा शिरोलंब पायाचे दोन समान भाग करतो, आणि त्यातला अर्धा त्रिकोण म्हणजेच आपला ३० अंशाचा काटकोन त्रिकोण: कर्ण पूर्ण बाजू, समोरची बाजू तिच्या निम्मी. पायथागोरसच्या समीकरणाला कर्णाच्या वर्गाने भागलं की साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्रही पायथागोरसच. तीन धडे तिथेच एकत्र येतात.

आलेखाचं म्हणाल, तर तुमच्या समीकरणाची मुळं २ आणि ३ म्हणजेच वक्र क्ष-अक्षाला छेदतो त्या जागा. आता क्ष² − ५क्ष + ६ मध्ये ६ च्या जागी ७ घालून बघा. विवेचक (ब² − ४अक) −३ येतो, म्हणजे वास्तव मुळंच नाहीत, आणि वक्र अक्षाला टेकतच नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज पट्ट्या कापल्या. −१३ वर ती बराच वेळ अडून बसली होती. मग तिनेच विचारलं, क्ष² − १०क्ष असेल तर पट्ट्या काढून टाकायच्या का? काढल्या तरी २५ मिळवायचेच कसे?

प्रतिसाद १
फार छान प्रश्न! हो, काढायच्याच. पण दोन पट्ट्या आता चौरसाच्या आतच आहेत, त्या कोपऱ्यात एकमेकींवर येतात. तिथला ५ × ५ चा तुकडा दोनदा वजा होतो, म्हणून एकदा परत द्यायचा.