चाळीस मीटरवर वाढलेली खरखर: शेजाऱ्यांच्या घरातली की आपल्याच?

गच्चीवरचा डायपोल

नमस्कार. मी हौशी रेडिओ चालवणारा आहे. पुण्यातील एका सात मजली सोसायटीत चौथ्या मजल्यावर मी राहतो आणि गच्चीवर, सोसायटीच्या लेखी परवानगीने, चाळीस मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी) सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, बांधलेला आहे. नऊ वर्षांपूर्वी तो बांधला तेव्हा दुपारी ७.१ मेगाहर्ट्झवर कोणी बोलत नसताना एस-मीटरचा (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकाचा) काटा चारच्या आसपास असे आणि सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळच्या सामूहिक गप्पांत) पाच-दहा वॉटची स्टेशनेसुद्धा आरामात वाचता येत. आता तोच काटा दुपारी सहावर आणि संध्याकाळी आठवर बसलेला असतो. समोरचा 'पाच-नऊ' (म्हणजे तुमचा आवाज उत्तम येतो) म्हणून मोकळा होतो आणि मला त्याचे नाव तीनदा विचारावे लागते, हे दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

महिनाभर वहीत नोंदी ठेवल्यावर लक्षात आले की खरखर एक नसून किमान तीन आहेत. पहिली भणभण सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होते आणि अंधार पडायच्या आत बंद होते. दाट ढग आले की ती थोडी बदलते. दुसरी संध्याकाळी सातनंतर हळूहळू चढते आणि रात्री अकरानंतर उतरते. तिसरी विचित्र आहे: दिवसातून चार-पाच वेळा, कधी पंधरा मिनिटे तर कधी पाऊण तास, वॉटरफॉलवर (रेडिओच्या पडद्यावर सरकणाऱ्या वारंवारतांच्या चित्रावर) सुमारे ६० किलोहर्ट्झच्या अंतराने जाड पट्टे उमटतात आणि ते पट्टे जागच्या जागी न राहता सावकाश सरकत जातात. सुट्टीच्या दिवशी तिचा जोर जास्त असतो.

या तिन्हींचा माग कसा काढावा, आणि माग लागल्यावर शेजाऱ्याच्या दारात नेमके काय म्हणून उभे राहावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

जुना ट्रान्झिस्टर

नोंदवही ठेवलीत हे उत्तम केलेत; निम्मे निदान त्यातच आहे. शेजाऱ्याचे दार वाजवण्यापूर्वी मात्र स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करावा. रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावी, घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा (मेन बंद करताच तो आपोआप सुरू होतो आणि त्याची स्वतःची भणभण मिसळते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही) आणि काटा पाहावा. खरखर कमी झाली तर एकेक एमसीबी वर करत जावे. ज्या एमसीबीला काटा उडी घेईल त्या खोलीतील प्लग एकेक करून काढावेत. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा लागतो.

घराबाहेरच्या शोधासाठी मीडियम वेव्हचा साधा खिशातला ट्रान्झिस्टर पुरतो. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तिच्यापासून दूर, रिकाम्या जागी काटा लावावा आणि जिन्यातून खाली उतरत प्रत्येक मजल्यावरील मीटर बॉक्सजवळ तो धरावा. आतील फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) सळईमुळे अशा रेडिओला दिशेची जाण असते, म्हणून तो हातात फिरवून आवाज सर्वांत क्षीण कुठे होतो ते पाहिले की सळईचे टोक साधारणपणे उगमाकडे वळलेले असते. वायरीच्या अगदी जवळ ही खूण फसवते, म्हणून दोन-तीन जागांवरून ताडून पाहावे.

तुमचे तिसरे प्रकरण मला ओळखीचे वाटते. सरकणारे पट्टे म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून दाब बदलणारा. त्याची स्विचिंग वारंवारता साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते, तिची पटीतली पिल्ले थेट शॉर्टवेव्हपर्यंत चढतात, आणि आतील भाग तापेल तशी ती सरकतात. दोन पट्ट्यांमधील अंतर हीच मूळ वारंवारता, म्हणजे तुमचा चोर ६० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. अनियमित वेळी काही मिनिटेच चालणारी आणि सुट्टीला जास्त चालणारी घरातील वस्तू कोणती, याचा विचार करावा.

फेराइट

वरील पद्धत अगदी योग्य आहे. मी फक्त आकड्यांची थोडी भर घालतो, कारण 'पूर्वी चार होते, आता आठ आहेत' यातील चार हा आकडा थोडा भाग्याचा होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत मानवनिर्मित गोंगाटाचे जे आलेख आहेत, त्यांवरून ७ मेगाहर्ट्झला एसएसबीच्या (बोलण्यासाठी वापरतात त्या प्रसारण पद्धतीच्या) २.४ किलोहर्ट्झ रुंदीत निवासी भागासाठी साधारण एस-६ आणि शांत ग्रामीण भागासाठी एस-२ ते एस-३ असे उत्तर येते. (आपल्या बहुतेक रिगचे एस-मीटर खालच्या बाजूला कमीच दाखवतात, हेही धरावे.) हा फरक सुमारे २० डेसिबेलचा, म्हणजे शक्तीत शंभर पट आहे: खेड्यात बसलेल्याला १० वॉटचे जे स्टेशन ऐकू येते, ते तितकेच स्पष्ट ऐकण्यासाठी शहरातल्याला समोरून १००० वॉट लागतील. हे आलेख १९७० च्या दशकातील मोजमापांवर उभे आहेत. त्या काळी गोंगाट मुख्यतः गाड्यांच्या स्पार्क प्लगचा आणि वीजवाहिन्यांचा असे, घरोघरी वीस-वीस अ‍ॅडॉप्टर नव्हते.

आता कायद्यात बसणारा चार्जरसुद्धा किती गोंगाट करू शकतो ते पाहा. सिस्पर ही रेडिओतील हस्तक्षेपाच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये स्थापन झाली ती रेडिओ ऐकणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच. तिच्या सध्याच्या मर्यादेनुसार घरगुती उपकरणाला ५ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये विजेच्या वायरीवर ६० डेसिबेल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिव्होल्ट इतका गोंगाट सोडता येतो. एस-९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. मर्यादेच्या काठावरचे उपकरण, अगदी नियमात राहून, वायरीवर एस-९ च्या वीसपट व्होल्टेज ठेवू शकते. ते सगळे अँटेनापर्यंत पोहोचत नाही म्हणून आपण टिकून आहोत. पण तुमची कोअ‍ॅक्स (अँटेनापासून संचापर्यंत येणारी केबल) इमारतीच्या डक्टमधून विजेच्या केबलींना खेटून उतरत असेल तर ते पोहोचवण्याची सोय आपणच करून ठेवलेली असते. म्हणून पहिला प्रश्न: डायपोलच्या मध्यावर चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारे वेटोळे) बसवला आहे का? नसेल तर कोअ‍ॅक्सची बाहेरची जाळी हाच तुमच्या अँटेनाचा तिसरा हात आहे, आणि तो हात सगळ्या सोसायटीच्या भिंतींमधून फिरतो.

चोकसाठी मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइटचे मोठे कडे घ्यावे आणि त्यातून कोअ‍ॅक्सचे दहा-बारा फेरे न्यावेत. चिमट्यासारखा फेराइट वायरीवर एकदा अडकवला तर ७ मेगाहर्ट्झवर त्याचा उपयोग नाममात्र असतो. इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाच फेऱ्यांनी साधारण पंचवीस पट. एकेक चिमटा वाढवत बसणाऱ्याचे पैसे म्हणूनच वाया जातात. अ‍ॅडॉप्टरच्या बाबतीतही हेच करावे, आणि फेरे अ‍ॅडॉप्टरच्या जितके जवळ तितके चांगले.

नाशिकचा श्रोता

पहिली भणभण सूर्याबरोबर उठते आणि सूर्याबरोबर झोपते, त्यामुळे ती गच्चीवरील सौर पॅनेलची आहे हे उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांचे आहे. वीज बिलाच्या दृष्टीने ती चांगलीच आहे, पण आपण आतापासून बोललो नाही तर पुढे ऐकायला कोणी उरणार नाही. ज्या मांडणीत प्रत्येक पॅनेलमागे ऑप्टिमायझर असतो तेथे प्रत्येक ऑप्टिमायझर हा एक छोटा स्विचिंग कन्व्हर्टर असतो, आणि त्यांना जोडणाऱ्या डीसी वायरी जर गच्चीभर मोकळ्या फिरवल्या असतील तर त्यांचा प्रचंड लूप तयार होतो. धन आणि ऋण वायर शेजारी-शेजारी, शक्य तर एकमेकींना पीळ देऊन नेल्या आणि दोन्ही टोकांना फेराइट घातला, तर आवाज बराच उतरतो. हे काम कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. डीसी बाजूला स्वतः हात लावू नये.

तक्रारीचे म्हणाल तर, आपली सेवा परवानाधारक आहे आणि हस्तक्षेपाची तक्रार दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे करता येते. सगळेच आपण आपापसात मिटवत राहिलो तर नियम कधी कडक होणार? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून बाहेरचा संपर्क साधण्यात हौशी रेडिओचा मोठा वाटा होता. तेथून बोलणारे होते आणि मुख्य भूमीवर त्यांचा आवाज ऐकणारे कान होते, म्हणून ते साधले.

तोपर्यंत एफटी-८ वर (संगणकाने वाचायच्या डिजिटल संदेश पद्धतीवर) चालवून घ्यावे. गोंगाटाच्या सुमारे २१ डेसिबेल खालचा सिग्नलही ते उचलते.

जुना ट्रान्झिस्टर

तत्त्वतः सहमत आहे, पण भणभणणाऱ्या एका एलईडी बल्बसाठी सरकारी गाडी दारात येईल अशी आशा मी धरत नाही. शिवाय बल्बवर नोंदणीचा शिक्का आहे, म्हणून तो निर्दोष, असा पुष्कळांचा समज आहे. एलईडी बल्बच्या सक्तीच्या नोंदणीमागे आयएस १६१०२ चा पहिला भाग आहे आणि तो विजेच्या सुरक्षिततेविषयीचा आहे. बल्ब शॉक देणार नाही एवढी हमी त्यातून मिळते, रेडिओत भणभणणार नाही ही नाही. उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले, त्यांची वीजबचत खरीच मोठी आहे, पण बल्ब निवडताना आपल्या कानांचा विचार कोणाच्याही यादीत नव्हता.

एफटी-८ बद्दल माझे मत थोडे कडवट आहे. ते सुंदर तंत्र आहे, पण ऐकू येत नाही म्हणून त्याच्याकडे वळणे म्हणजे चष्मा लागला म्हणून वर्तमानपत्र सोडून देण्यासारखे आहे.

गच्चीवरचा डायपोल

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे आता झाले.

मेन स्विच बंद केल्यावर संध्याकाळच्या वेळी काटा आठवरून पाचवर आला, तेव्हा घरात मी कोणाकडे पाहू शकलो नाही. एकेक एमसीबी वर करत गेलो आणि स्वयंपाकघराच्या एमसीबीला तिसरी खरखर परत आली. पाण्याचा आरओ फिल्टर! टाकी भरताना पंप चालतो तेवढाच वेळ त्याचा २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बोंब मारतो. सुट्टीच्या दिवशी घरात माणसे जास्त, पाणी जास्त, म्हणून खरखरही जास्त. दोन वर्षांपूर्वी मूळ अ‍ॅडॉप्टर जळाल्यावर दुरुस्तीला आलेल्या मुलाने हा बसवला होता. प्लग काढून, रात्रभर तसाच ठेवून तो उघडला (आतील कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठतो, तेव्हा सवय नसलेल्यांनी उघडू नये). छापील पट्टीवर फिल्टरच्या चोकची जागा रेषांनी आखलेली होती, आणि त्या जागी चोकऐवजी तांब्याच्या दोन उघड्या तारा डाग देऊन बसवलेल्या होत्या. शेजारी कपॅसिटरची दोन भोके रिकामी. कोणीतरी आराखडा नीट काढला होता. बनवणाऱ्याने तेवढेच सुटे भाग वाचवले. आता जुन्या पद्धतीचा, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असलेला सप्लाय लावला आहे. तो जड आहे, कोमट होतो, पण मुका आहे.

डायपोलच्या मध्यावर चोक नव्हताच. बारा फेऱ्यांचा बसवला आणि कोअ‍ॅक्स डक्टमधून काढून इमारतीच्या बाहेरून आणली. संध्याकाळचा काटा आता पाच-साडेपाचवर असतो. जी उरली आहे ती सगळ्या विंगची मिळून आहे आणि ती काढण्याचा माझा विचार नाही.

दिवसाची भणभण सौर पॅनेलचीच निघाली, तीही शेजारच्या इमारतीच्या. त्यांच्या सेक्रेटरींना घरी बोलावून चहा दिला आणि ऊन असताना व ऊन उतरल्यावर असा दोन्ही वेळचा रेडिओ ऐकवला. 'आमच्या पॅनेलचा एवढा आवाज होतो?' असे म्हणून ते क्षणभर गप्प बसले. मग त्यांनी स्वतःच कंत्राटदाराचा नंबर दिला. वायरी एकत्र बांधण्याचे काम पाऊस थांबल्यावर होईल असे ठरले आहे, फेराइटचा खर्च मी देणार आहे.

फेराइट

छान. आता आकडे त्याच वहीत लिहून ठेवा, कंत्राटदाराच्या कामानंतर उपयोगी पडतील. आणि तो जुना अ‍ॅडॉप्टर कुठे आहे? भंगारात दिला असेल तर परत मागून आणा, नाहीतर तो दुरुस्त होऊन तुमच्याच विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर परत यायचा.

गच्चीवरचा डायपोल

कपाटात आहे, वायर कापून.